‘उद्या कवा?’वाली इंदूबाई

चंद्रपूरजवळच्या मूल गावातल्या आणि आजूबाजूच्या खेड्यांतल्या एका अख्ख्या पिढीच्या नवरा-नवरींनी एकमेकांना दोनदा हार घातले आहेत. काहींनी तीनदा. याला कारण व्हिडिओ कॅमेरा घेऊन स्टुलावर उभी राहिलेली इंदूबाई निकुरे. मंगलाष्टका संपायच्या, अक्षता पडायच्या, बँड सुरू व्हायचा आणि त्या गोंगाटातून तिचा जाड आवाज यायचा, "एकडाव अजून! नवरदेवानं मान खाली घातली, तोंडच दिसून नाई राह्यलं."

नवरदेव मुकाट्याने हार काढायचा. भटजी कपाळाला हात लावायचे. इंदूबाईला त्याचं काही नाही. एका लग्नात तिनं नवरीच्या बापाला पुन्हा रडायला सांगितलं होतं. तो राईस मिलचा मालक, गावात कुणी त्याच्यापुढे मोठ्यानं बोलत नसे. ही सरळ त्याच्यापुढे जाऊन म्हणाली, "भाऊ, मघा तुमी रडले तवा मधात वाजंत्रीवाला आला. एकडाव अजून रडा." तो असा खवळला की वाजंत्री थांबली. ओरडता ओरडता त्याची नजर लेकीकडे गेली आणि मग तो जो रडला, तो पहिल्यापेक्षा कितीतरी जास्त. इंदूबाई शूट करत होती आणि तिचेही डोळे गळत होते. कॅमेरा मात्र हलला नाही.

माझं ब्युटी पार्लर तिच्या व्हिडिओच्या दुकानाला लागून. माझ्या खुर्चीतून उठलेली नवरी तिच्या कॅमेऱ्यात जायची, म्हणून आमची गाठ रोजची. तिच्या नवऱ्याला शेतीचं वेड. दुकानावर पाटी त्याच्या नावाची आणि आत सगळा कारभार हिचा. उंच, हाडापेरानं मजबूत. पदर कमरेला खोचलेला, साडीखाली पुरुषी बूट, कारण मांडवात वायरी आणि चिखल दोन्ही असतात. कॅमेऱ्याच्या बॅगेत फुटाण्याची पुडी कायम. लग्नाचं जेवण ती कधी पाहुण्यांबरोबर घेत नसे, आचाऱ्यांच्या पंगतीला बसायची. म्हणायची, "तिथीच खरं समजते, लग्न कसं झालं ते."

सिनेमाचं खूळ तिच्या डोक्यात शिरलं तेही एका आचाऱ्यामुळेच.

एका लग्नात वाऱ्यानं मांडवाचा कोपरा कोसळला आणि खाली कढईजवळ बसलेल्या आचाऱ्याचा हात मोडला. माणूस वाचला, हात जुळलाही. पण ते सगळं कॅमेऱ्यात आलं होतं. एडिटिंगला बसली की इंदूबाई ती क्लिप मागे न्यायची. वारा सुटण्याआधी तो माणूस झारा खाली ठेवतो, कुणाशी तरी हसतो आणि सरळ त्या कोपऱ्यात जाऊन बसतो. दरवेळी इंदूबाई स्क्रीनला म्हणायची, "सरक ना बापा बाजूले." तो काही सरकायचा नाही. एक दिवस मी चहा घेऊन गेले तर ती मला म्हणाली, "वर्षा, मी मागं नेऊन राह्यली, पन त्याले कुठी ठाऊक हाये? मागं गेलेल्याले याद राह्यली असती तं?"

मी म्हटलं, "तर तो दुसरीकडे बसला असता."

"अन् तिथी दुसरं काही पडलं असतं तं?"

"तर तिसरीकडे."

"हां," ती म्हणाली आणि तिनं कॉम्प्युटर बंद केला. दिवसाउजेडी तिनं कॉम्प्युटर बंद केलेला मी तेव्हा पहिल्यांदा पाहिला. फुटाणे खात ती बराच वेळ रस्त्याकडे बघत बसली.

त्यातून जी गोष्ट तयार झाली ती अशी. रुक्मी नावाची मासे धरणारी बाई सकाळी उठते, जाळं घेऊन तलावावर जाते, मासे घेऊन बाजारात बसते. दुपारी आभाळातून काहीतरी तलावात पडतं आणि पाण्यातून लोखंडाचे राक्षस बाहेर येतात. बाजार उधळतो, माणसं मरतात, रुक्मीही मरते. आणि डोळे उघडते तर पुन्हा तीच सकाळ. तोच कोंबडा, तीच जाऊ अंगण झाडते आहे. बाकी कुणाला काही आठवत नाही; फक्त रुक्मीला आठवतं. रोज ती मरते आणि रोज थोडं काहीतरी शिकून उठते. राक्षस कुठून निघतो, कशाला घाबरतो, कुणाला आधी वाचवायचं. शेवटी तिला कळतं की पाण्याशिवाय ते उभे राहू शकत नाहीत. सगळ्या गावाला पटवून ती तलावाचं दार उघडते, पाणी धानाच्या शेतांतल्या बांध्यांत सोडते आणि गाळात रुतलेल्या राक्षसांवर बाया जाळी टाकतात. मग पहिल्यांदाच उद्या उजाडतो. सिनेमाचं नाव ‘उद्या कवा?’

रुक्मीच्या कामासाठी तिनं चंद्रपूरहून कुणी नटी आणली नाही. तिची धाकटी नणंद सायत्रा खरोखरच तलावावर मासे धरणारी आणि मूलच्या बाजारात विकणारी. बारीक, काटक, पाण्यात मासोळीसारखी. सायत्राला सिनेमात काम करायला काही वाटत नव्हतं, पण मरायचं म्हटल्यावर ती बिथरली. "वयनी, मी रोज रोज कायले मरू? लोकं म्हनतील, हिले दुसरं काही येत नाई."

"तू मरून राह्यली म्हनून तं बंदे लोकं जगून राह्यले," इंदूबाई म्हणाली. सायत्रानं थोडा विचार केला आणि विचारलं, "साडी माही राहील का तुमची?"

राक्षस बनवले इंदूबाईच्या भावानं. मारोतीभाऊ भद्रावतीला फॅक्टरीत फिटर होता, रिटायर होऊन फॅक्टरीच्या कॉलनीतून बाहेर पडला होता आणि हाताला काम नाही म्हणून घरातल्यांवर चिडचिड करत होता. बहिणीनं निरोप धाडला तसा हत्यारांची पेटी घेऊन मूलच्या बसमध्ये बसला. तेलाचे डबे, राईस मिलमधले टाकून दिलेले पट्टे, मोटारसायकलचे हेडलाइट. त्यातून त्यानं जे उभं केलं ते पाहून आमच्या गल्लीतली कुत्री दोन दिवस दुकानापुढे फिरकली नाहीत. आतला माणूस म्हणून उभं राहायला कुणी तयार होईना, तेव्हा तो स्वतःच आत शिरला.

मेकअप माझ्याकडे होता. मी जन्मभर डोळ्यांखालची काळी वर्तुळं झाकलेली बाई. इंदूबाईनं मला नेमकं उलटं काम लावलं. दर सकाळी रुक्मीच्या अंगावरची जखम पुसून टाकायची, कारण दिवस नवा. पण डोळ्यांखाली काळं थोडं वाढवायचं. मी म्हटलं, "पण शरीर तर ताजं झालेलं असतं ना?"

"अंग ताजं होते गं. डोये होत नाईत. तिनं किती मरनं पाह्यले ते तिथी दिसलं पायजे."

आणि तिनं एक हट्ट धरला, ज्यावरून गावानं तिला वेड्यात काढलं. सकाळ तर तीच आहे. एकदा शूट करायची आणि पुन्हा पुन्हा जोडायची, हे शेंबड्या पोरालाही सुचलं असतं. मारोतीभाऊनंही सुचवलं. इंदूबाई ऐकेना. प्रत्येक सकाळ वेगळी शूट झाली. तोच कोंबडा धरून आणायचा, त्याच अंगणात तोच सडा. कारण पहिल्या सकाळी रुक्मी आळस देत उठते, पुढच्या सकाळी दचकून, त्यानंतर रागानं आणि एका सकाळी तर ती उठतच नाही, छताकडे बघत पडून राहते. "दिवस तोच हाये," इंदूबाई म्हणायची, "पन उठनारी तेच नाई." त्या हंगामात तिनं लग्नाचं एकही काम घेतलं नाही. लोक दुकानाशी थांबून विचारायचे, "का जी इंदूबाई, अजून सकाळच सुरू हाये का?"

शूटिंगमध्ये एक दिवस मात्र जिवावरचा आला. राक्षस पाण्यातून वर येतो तो शॉट होता. मारोतीभाऊ त्या डब्यांच्या अंगरख्यात तलावात उतरला, वाकला आणि उठलाच नाही. पाय गाळात रुतला आणि डब्यांत पाणी भरलं. आम्हाला वाटलं, शॉट चालू आहे. सायत्राला पाणी ओळखू येतं. तिनं बुडबुडे पाहिले आणि किंचाळत उडी मारली. तिच्यामागे इंदूबाई. कॅमेरा बांधावर तसाच ठेवून, बुटांसकट. दोघींनी मिळून पट्टे तोडले, त्याला खांद्यांना धरून बाहेर ओढलं. काठावर तो पाणी ओकत होता आणि इंदूबाई त्याच्या पाठीत गुद्दे घालत रडत होती, "काऊन उतरला रे तू, काऊन उतरला?"

आता सिनेमा संपला, असंच सगळ्यांना वाटलं. इंदूबाईही म्हणाली, बस झालं. पण मारोतीभाऊ दुसऱ्या दिवशी चहा पिता पिता म्हणाला, "खाली भोकं पाडतो. पानी निघून जाईल." आणि पत्रा घेऊन बसला. मग बांधावरचा कॅमेरा उघडून पाहिला तर तो चालूच होता. तिरपा पडलेला. त्यात सायत्राची ती उडी होती, तो चेहरा होता. तसली उडी कुणी सांगून मारली नसती. इंदूबाईनं भावाला विचारलं, "ठेवू का?" तो म्हणाला, "ठेव. माही एक्टिंग बी खरी हाये त्यात." ते दृश्य सिनेमात आहे. रुक्मी राक्षसाला ओढते, ती मारण्यासाठी ओढते असं वाटावं असं, स्वतः दिसते तेवढं कापून, इंदूबाईनं ते जोडलं.

सिनेमा तयार झाल्यावर ती मला आणि सायत्राला घेऊन चंद्रपूरला एका सिनेमे लावणाऱ्या माणसाकडे गेली. त्यानं पूर्ण पाहिला, हे त्याचं चांगलं. मग म्हणाला, "मॅडम, मेहनत दिसते. पण तीन गोष्टी कराव्या लागतील. भाषा शुद्ध करा, पुन्हा डबिंग करू. त्याच त्या सकाळी काढून टाका, एक ठेवा. आणि बाईच्या जागी नाही तर निदान बाईच्या सोबत एक हीरो घाला."

सायत्रानं मान खाली घातली. इंदूबाई शांतपणे म्हणाली, "हिच्या तोंडातून दुसरीचा आवाज काढू?"

"प्रेक्षकांना समजायला नको?"

"कोन्त्या प्रेक्षकाले जी? आमचे प्रेक्षक असेच बोलून राह्यले."

आम्ही परतीची बस धरली. मूल आलं, बसस्टँडवर उतरलो आणि ती एकदम थांबली. म्हणाली, "वर्षा, माहा सिनेमा घरोघरी जाईल. माहा रस्ता तं तयारच हाये."

मला समजेना. तिनं समजावलं. ज्या ज्या घरचं लग्न तिनं शूट केलं, त्या घरी तिची डीव्हीडी आहे. टीव्हीच्या शोकेसमध्ये, देवाच्या फोटोशेजारी ठेवलेली. ती लावायला प्लेअर आहे. नव्या लग्नांचे पेन ड्राइव्ह आहेत. ज्यांच्या घरात तिचा हार, तिची अक्षत, तिचं रडणं आहे, ते तिच्यासाठी दार उघडतील. टॉकीज नको.

तसंच केलं. लग्नाच्या डीव्हीडीला आणि पेन ड्राइव्हला वापरायची तीच लाल-सोनेरी पाकिटं. फक्त गणपतीच्या जागी सायत्राचा फोटो, हातात जाळं, मागे मारोतीभाऊचा राक्षस. बाजाराच्या दिवशी सायत्रानं ती मासळीच्या शेजारी मांडली. "झिंगे घ्या, सिनेमा घ्या!" पाकिटं हातोहात गेली. आम्ही तिघी आनंदानं नुसत्या हसत होतो.

आणि मग पाकिटं परत यायला लागली.

पहिला आला एक शेतकरी, ज्याच्या दोन्ही पोरींची लग्नं तिनं शूट केली होती. संकोचून म्हणाला, "इंदूबाई, रागावू नका जी, पन सीडी अटकते. ते बाई मरते अन् मंग सीडी मागंच जाते." त्याच्यामागून एक सासू-सून आल्या. "आमची बी तसीच. फडक्यानं पुसून पाह्यली." कुणी प्लेअर दुरुस्तीला टाकला होता. एकानं पेन ड्राइव्ह उन्हात वाळवला होता. आठवडाभरात काउंटरवर लाल-सोनेरी पाकिटांचा ढीग झाला.

मला हसू फुटलं. इंदूबाईकडे पाहिलं आणि ते ओसरलं. ती स्टुलावर बसली होती, हात मांडीवर टाकून. तिच्या ताठ पाठीला पोक आलेलं मी तेव्हाच पाहिलं. "तो चंद्रपूरवाला बरोबर होता का वं?" तिनं विचारलं. दुकानाचं शटर अर्धं ओढून आम्ही दोघींनी सिनेमा पुन्हा लावला. ती स्वतःचाच सिनेमा परक्यासारखा बघत होती. रुक्मी छताकडे बघत पडून राहते, त्या सकाळी ती पुढे वाकली. रुक्मी मग उठते, जाळं उचलते. इंदूबाईनं सिनेमा थांबवला आणि कॅमेऱ्याची बॅग खांद्याला लावली.

"कुठे निघालात?"

"जिथी अटकली तिथी."

पहिल्या शेतकऱ्याच्या गावी आम्ही संध्याकाळी पोचलो. मी, ती आणि सायत्रा. त्याच्या अंगणात टीव्ही आणून ठेवला, शेजारपाजार जमला. इंदूबाई काही समजावून सांगणार, असं मला वाटलं होतं. ती नुसती खाली बसली, बायांमध्ये. पहिल्यांदा रुक्मी मेली, सगळे हळहळले. सकाळ झाली. "पाहा, अटकली," घरधनी म्हणाला आणि उठून प्लेअरला थाप मारायला गेला.

"बस जी खाली!" एक म्हातारी ओरडली. तिची नजर टीव्हीवरून हलली नव्हती. "अटकली नाई. तिचे डोये पाहा. ते काल मेली, तिले याद हाये!"

रुक्मीनं पडद्यावर जावेला विचारलं, "आज बाजाराचाच दिवस हाये काय?" आणि अंगणातून एकदम उसासा उठला. त्यांना कळलं. त्यानंतर ते अंगण शांत राहिलंच नाही. "तिकडून नको जाऊ, तिकडून येते तो!" "पोट्टीले आधी उचल!" कुणी सायत्राला दंडाला धरून विचारू लागलं, आता काय होते गं, आता काय होते? सायत्रा म्हणाली, "मले नाई ठाऊक, मी तं आताच उठली." तलावाचं दार उघडलं आणि पाणी बांध्यांत शिरलं तेव्हा शेतकरी बायांनी टाळ्या वाजवल्या. त्या पाण्याची किंमत त्यांना कुणी सांगायला नको होती.

मी इंदूबाईकडे पाहिलं. ती टीव्ही बघतच नव्हती. ती त्या बायांचे चेहरे बघत होती. आणि हातात कॅमेरा नव्हता.

परत आल्यावर तिनं सिनेमाच्या आधी स्वतःचं एक छोटं बोलणं जोडलं. पदर खोचून, दुकानातच उभी राहून: "रामराम. सीडी बिघडली नाई. रुक्मीचा दिवस बिघडला हाये. बसून राहा." इतकंच. परत आलेली पाकिटं पुन्हा गेली, नवी करावी लागली. मग मोबाइलच्या दुकानांतून मेमरी कार्डांवर सिनेमा चोरून भरला जाऊ लागला. मारोतीभाऊ भडकला, इंदूबाई म्हणाली, "चोरून पाहून राह्यले, म्हनजे पाहून तं राह्यले ना?" बाजारात पोरं एकमेकांना "रामराम, बसून राहा" म्हणायला लागली. धानाच्या रोवणीला वाकलेल्या बाया पाठ सरळ करताना म्हणायच्या, "उद्या कवा गं बाई?" आणि हसायच्या. एसटीत सायत्राला लोक उठून जागा देत.

शेवटी चंद्रपूरचा तो माणूस स्वतः मूलला आला. इंदूबाईनं त्याला चहा पाजला, फुटाणे दिले. तो म्हणाला, "आहे तसा लावतो."

"साऱ्या सकाळीसंग?"

"साऱ्या सकाळींसकट."

सिनेमा लागला त्या दिवशी मूलकडून, सावली गावाकडून टेम्पो भरभरून बाया चंद्रपूरला गेल्या. लग्नातल्या साड्या नेसून. टॉकीजच्या दाराशी त्या जत्रेसारख्या उतरत होत्या आणि इंदूबाई एकेकीला चेहऱ्यावरून ओळखत होती. "तू राजोलीची, तुह्या लग्नात लाइट गेली होती." त्यातल्या बहुतेकींनी सिनेमा घरी पाठ केलेला होता. तरी मोठ्या पडद्यावर सायत्राचा चेहरा आला तेव्हा जोरात शिट्टी वाजली, आणि ती कुणा पोराची नव्हती; माझ्या पुढच्या रांगेत बसलेल्या, राईस मिलच्या मालकाच्या त्या लेकीची होती. सायत्रा माझा हात आवळून बसली होती. "माहं नाक केवढं मोठं दिसून राह्यलं," ती कुजबुजली आणि रडायला लागली. राक्षस आला की मारोतीभाऊ उभा राहून लोकांकडे वळून हात जोडायचा. शेवटी उद्या उजाडला, तरी बाहेर पडायची घाई कुणालाच नव्हती.

पुढे माझ्या मुलीच्या बाळंतपणासाठी मी नागपूरला गेले आणि तिकडेच राहिले. जाण्याच्या दिवशी निरोप घ्यायला तिच्या दुकानात शिरले. माइकपुढे धानोऱ्याकडची एक गोंड मुलगी बसली होती, कॉलेजात शिकणारी. इंदूबाई सिनेमाची नवी डीव्हीडी काढत होती, त्यात तिकडच्या प्रेक्षकांसाठी त्यांच्याच गोंडीतला आवाज असणार होता. आणि नंतर सिरोंच्याच्या बाजूच्या लोकांसाठी तेलुगूतला. पडद्यावर रुक्मी अंगणात उभी होती, ती मुलगी तिच्यासाठी गोंडीत बोलत होती. तिच्याजवळ खुर्चीत सायत्रा बसली होती. आपल्या तोंडात दुसऱ्या कुणाचा आवाज घालायला यावेळी सायत्रानंच हौसेनं होकार दिला होता आणि आता ओठ हलवून ते शब्द शिकत होती.

इंदूबाईनं मला पाहिलं, बोलू नको म्हणून बोट ओठांवर ठेवलं. कानांवर हेडफोन होते; तिनं डोळे पुन्हा मिटले. तिला गोंडीतला एक शब्द कळत नव्हता. मुलीचं वाक्य संपलं, तशी इंदूबाईची मान हळूहळू होकारात हलू लागली, चेहराभर हसू पसरलं आणि तिनं डोळे न उघडताच हात वर केला, पुढे चल म्हणून.